कूळ नंतर विचारा, आधी छिद्रं पाहा

इमारतीतल्या आवाजाचा विषय निघाला की हल्ली चर्चा पाच मिनिटांत एकाच फाट्यावर येऊन थांबते. भिंतीला किंवा छताला लावायचं ते लोकर, काथ्या, ताग, पेंढा, लाकूड असं निसर्गातून आलेलं असावं, की ग्लास वूल (काचेच्या बारीक धाग्यांची लोकर), फोम, पॉलिएस्टर असं कारखान्यातलं? एका बाजूने 'श्वास घेणाऱ्या भिंती', 'विषमुक्त घर' असे शब्द येतात. दुसऱ्या बाजूने 'कसर लागेल, बुरशी येईल, पेटेल' अशी यादी येते. दोन्ही बाजू तावातावाने बोलतात, आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप चाललाय तो आवाज चर्चेत कुठेच नसतो. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ध्वनीच्या हिशेबात 'नैसर्गिक' हा गुणही नाही आणि दोषही नाही. ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये म्हणतात, त्यात ध्वनिशोषकाची भर घालायला हरकत नाही. छिद्रं किती, ती एकमेकांना जोडलेली आहेत का, धागा किती बारीक, थर किती जाड, मागे पोकळी किती, एवढंच ध्वनिलहरीला कळतं. या कसोटीवर लोकर, लाकूड, ताग यांना कुणाच्या सवलतीची गरज नाही. त्यांचं नुकसान विरोधकांपेक्षा त्यांच्या भक्तांनी जास्त केलंय.

एखाद्या सच्छिद्र पदार्थाचा नमुना हातात आला की मी तो तोंडाला लावून त्यातून फुंकर मारून पाहतो. ही प्रयोगशाळेतली चाचणी नव्हे, पण पुष्कळ काही सांगून जाते. बुचाच्या तक्त्यातून फुंकर मारली की ती तशीच ओठांवर परत येते, कारण बुचाच्या पेशी बंद असतात. सैल विणीच्या काथ्यातून ती अशी पार होते की जणू मध्ये काही नव्हतंच. लोकरीच्या घट्ट नमद्यातून ती जाते, पण कुरकुरत जाते, छातीला थोडा जोर लावावा लागतो. शोषण होतं ते या तिसऱ्या ठिकाणी. आवाज म्हणजे हवेची पुढे-मागे होणारी थरथर. ती अरुंद, वेड्यावाकड्या वाटांतून जाताना भिंतींना घासते आणि तिची ऊर्जा उष्णतेत विरते, तीही इतकी थोडी की हाताला जाणवणार नाही. वाट बंद असेल तर लहर आत शिरतच नाही, फार मोकळी असेल तर घासत नाही. आता सांगा, बूच, काथ्या आणि लोकर तिन्ही निसर्गातलीच, तरी तिघांची वागणूक तीन तऱ्हांची असेल, तर 'नैसर्गिक पदार्थ आवाज शोषतात' या वाक्याला अर्थ काय उरला? बूच वाईट असं मुळीच नाही. फरशीखाली घातलेला बुचाचा थर पावलांची धडधड खालच्या मजल्यावर जाऊ देत नाही. पण ते काम वेगळं. खोलीतला निनाद कमी करायला नुसतं बूच लावणाऱ्याची निराशा ठरलेली, आणि मग खापर फुटतं ते सगळ्याच नैसर्गिक पदार्थांवर.

गंमत अशी की ज्या शास्त्राच्या नावाने 'हे नैसर्गिक प्रकार म्हणजे हौस, खरं काम कारखान्यातल्या मालाचं' असं ठणकावून सांगितलं जातं, त्या शास्त्राचा जन्मच वनस्पतीच्या धाग्यांवर झालाय. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग आर्ट म्युझियममधलं नवं व्याख्यानगृह निरुपयोगी ठरलं होतं. ऑर्गनच्या नळीचा स्वर थांबवला तरी रिकाम्या दालनात तो साडेपाच सेकंद रेंगाळायचा. वक्त्याचं एक वाक्य विरायच्या आत दुसरं त्यावर येऊन पडायचं. वॉलेस क्लेमेंट सॅबिन या तरुण अध्यापकाकडे ही डोकेदुखी सोपवण्यात आली. त्याने जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या बैठकीच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, थोड्या थोड्या करून दालनात मांडल्या, दर वेळी निनाद किती सेकंद टिकतो ते मोजलं आणि सकाळच्या आत गाद्या परत नेऊन ठेवल्या. त्या गाद्यांत राठ वनस्पतिजन्य धागा भरलेला होता. यातूनच निनादकालाचं ते साधं सूत्र निघालं जे आजही पहिल्या तासाला शिकवतात: खोलीचं घनफळ भागिले एकूण शोषण, गुणिले ०.१६. पुढे त्याने शोषणाचं माप म्हणून उघडी खिडकी धरली, कारण खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. गादी असो की फोम, सूत्रात जातो तो आकडा. सॅबिनच्या काटेकोरपणाची एक गोष्ट मला फार आवडते. मोजणाऱ्याच्या अंगावरच्या कपड्यांनीही निकाल बदलतो हे लक्षात आल्यावर, कपड्यांची नोंद ठेवली नव्हती म्हणून त्याने स्वतःची हजारो निरीक्षणं टाकून दिली. आजचा एखादा विक्रेता एक तरी टाकून देईल?

नैसर्गिकवाल्यांनी आणखी एक उदाहरण पचवायला हवं. विसाव्या शतकात छतांवर आणि भिंतींवर आवाज शोषण्यासाठी जे पदार्थ लावले गेले, त्यांत ॲस्बेस्टॉस होता. तो फवारायला सोपा, न पेटणारा, शोषणातही चांगला. आणि तो शंभर टक्के नैसर्गिक होता, खाणीतून काढलेला खनिज धागा. अमेरिकेत १९७३ साली आगीपासून बचाव आणि इन्सुलेशन यांसाठीच्या ॲस्बेस्टॉस फवारणीवर बंदी आली, तोवर तो असंख्य इमारतींच्या छतांवर जाऊन बसला होता. उलट ज्या ग्लास वूलला सर्रास 'कॅन्सर होतो' म्हणून झोडपलं जातं, त्याचं काय झालं? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने इन्सुलेशनसाठी वापरलेलं ग्लास वूल आणि रॉक वूल (दगड वितळवून काढलेला धागा) आधी 'कर्करोगकारक असू शकेल' अशा गटात ठेवलं होतं. २००१ साली फेरविचार करून ते 'वर्गीकरण करता येत नाही' या गटात खाली आणलं. अंगाला खाज सुटते हे खरं, लावताना मास्क आणि हातमोजे हवेत हेही खरं. पण निसर्ग म्हणजे निरोगी आणि कारखाना म्हणजे विषारी ही वाटणी ॲस्बेस्टॉसने कधीच मोडून काढली आहे.

आता दुसऱ्या बाजूचं सगळ्यात वजनदार म्हणणं. कारखान्यातला धागा हवा तितका बारीक काढता येतो. ग्लास वूलचा धागा काही मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, काथ्याचा शंभर मायक्रॉनपासून कित्येक शे मायक्रॉनपर्यंत. जाड धाग्यांच्या जाळीत वाटा रुंद राहतात, घर्षण कमी होतं, म्हणून तेवढ्याच जाडीत काथ्या मागे पडतो. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण यावरून निघतं ते काथ्याबद्दलचं विधान, निसर्गाबद्दलचं नव्हे. कापसाचा धागा साधारण वीस मायक्रॉनच्या आतबाहेर, बारीक लोकरीचाही तेवढाच. दाबून, घनता वाढवून तागाचा किंवा लोकरीचा थर ग्लास वूलच्या पंगतीला सहज बसतो. आणि जाडीची अडचण कुणाला चुकलीय? कठीण भिंतीला अगदी टेकून हवेची हालचाल जवळजवळ शून्य असते. ती सर्वाधिक होते भिंतीपासून पाव तरंगलांबीवर. १००० हर्ट्‌झच्या स्वरासाठी हे अंतर साडेआठ सेंटिमीटर, १०० हर्ट्‌झच्या खर्जासाठी पाऊण मीटरहून जास्त. म्हणून भिंतीला चिकटवलेला अडीच सेंटिमीटरचा कोणताही तक्ता, मग तो मेंढीचा असो वा खनिज तेलाचा, स-श-टसारखी तार व्यंजनं गिळतो आणि खर्ज तसाच घुमत ठेवतो. खोली मग बुजल्यासारखी वाटते, बोलणं मात्र स्पष्ट होत नाही. तोच तक्ता भिंतीपासून दहा सेंटिमीटर पुढे घेतला तर निम्मं भांडण मिटतं. त्या दहा सेंटिमीटरमधल्या हवेची जाहिरात कुणी करत नाही, कारण ती विकता येत नाही.

खर्जाच्या बाबतीत तर लाकडाने फार पूर्वीच बाजी मारलीय, आणि तिथेही त्याचे चाहते उलटंच सांगतात. 'लाकडामुळे सभागृहाला ऊबदार आवाज येतो' हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. ध्वनितज्ज्ञ लिओ बेरानेक आयुष्यभर जगातली संगीतगृहं मोजत हिंडला. त्याचा निष्कर्ष याच्या अगदी विरुद्ध होता: मागे पोकळी असलेल्या पातळ लाकडी फळ्या खर्जाच्या सुरांबरोबर स्वतःच थरथरतात आणि त्यांना खाऊन टाकतात. व्हिएन्नाचं म्युझिकफेराइन आणि बोस्टनचं सिम्फनी हॉल यांची ख्याती लाकडापेक्षा जाड गिलाव्यावर जास्त उभी आहे. म्हणजे लाकूड वाईट? संगीतगृहात खर्ज टिकवायचा असेल तिथे ही फळी शत्रू, पण जिथे शब्द कळायला हवेत तिथे तीच मित्र. होप बॅगेनल या ब्रिटिश ध्वनितज्ज्ञाने मांडलं होतं की जर्मनीतल्या लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चमध्ये धर्मसुधारणेनंतर लाकडी सज्जे आणि तक्तपोशी आली, त्यामुळे निनाद आखडला आणि १७२३ नंतर तिथे काम करणाऱ्या बाख या संगीतकाराला द्रुत, गुंतागुंतीची रचना ऐकू येईल अशी करता आली. दगडी पोकळीत तेच सूर एकमेकांत कालवले गेले असते. फळी तीच, पण एका ठिकाणी ती गुन्हेगार आणि दुसऱ्या ठिकाणी उपकारकर्ती. तेव्हा कोणता पदार्थ चांगला असं विचारण्याआधी या खोलीत काय ऐकू यायला हवंय हे विचारलं पाहिजे.

या वादातली सगळ्यात महाग चूक मात्र वेगळीच आहे, आणि ती दोन्ही पक्ष सारख्याच निष्ठेने करतात. खोलीतला आवाज शोषणं आणि खोलीतला आवाज बाहेर जाऊ न देणं ही दोन निराळी कामं आहेत. पहिल्याला छिद्रं लागतात, दुसऱ्याला वजन आणि फटी बुजवणं. भिंतीचं दर चौरस मीटर वजन दुप्पट केलं की पलीकडे जाणारा आवाज हिशेबाने साधारण सहा डेसिबलने घटतो. ज्या पदार्थातून फुंकर पार होते त्यातून आवाजही पार होणार, हे खरं तर लहान मुलालाही कळावं. तरी शेजारच्या गोंगाटाला कंटाळलेला माणूस भिंतीवर काथ्याचे तक्ते लावतो आणि रुसतो. त्याच्या दारात, भिंतीच्या क्षेत्रफळाच्या एक टक्का एवढी जरी फट असेल, तरी बाकीची भिंत किल्ल्याची असली तरी वीस डेसिबलपलीकडे आवाज अडत नाही. पेंढ्याची घरं शांत असतात ती केवळ पेंढ्यामुळे नव्हे. दोन्ही बाजूंचा जड मातीचा गिलावा आणि मधला मऊ पेंढा मिळून ते साधतं. कुटलेल्या मातीची तीस सेंटिमीटरची भिंत दर चौरस मीटरला पाचशे किलोच्या वर जाते, म्हणून रस्ता अडवते. त्याच मातीच्या भिंतींच्या रिकाम्या खोलीत टाळी वाजवून पाहा, कशी खणखणीत परत येते ती.

हा नुसता शब्दांचा घोळ नाही. फेब्रुवारी २००३ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात 'द स्टेशन' नावाच्या नाइटक्लबला आग लागून शंभर माणसं गेली. शेजाऱ्यांनी आवाजाच्या तक्रारी केल्या म्हणून तिथे भिंतींवर पॉलियुरेथेन फोम चिकटवलेला होता. रंगमंचावरच्या आतषबाजीची ठिणगी त्यावर पडली. जानेवारी २०१३ मध्ये ब्राझीलच्या सांता मारिया शहरात 'किस' क्लबमध्ये जवळपास तेच घडलं. छताच्या फोमने पेट घेतला, विषारी धूर पसरला, २४२ मृत्यू. आगीची कारणं आणि दोष यांची यादी दोन्हीकडे लांब आहे. पण 'द स्टेशन'मधली एक गोष्ट मला झोपू देत नाही. ज्या कामासाठी तो फोम आणला होता, ते काम त्याच्याकडून होणारच नव्हतं. फोम आवाज शेजारी जायचा थांबवत नाही. शंभर माणसांच्या डोक्याभोवती लावलेली ती वस्तू मुळात चुकीच्या प्रश्नाचं उत्तर होती.

म्हणून 'नैसर्गिक पेटतं' हा आक्षेप कृत्रिमवाल्यांच्या तोंडी शोभत नाही, असं म्हणून मी सुटू शकलो असतो. पण आक्षेप खराच आहे. कापूस, पेंढा, ताग, कागदाचा लगदा हे प्रक्रियेशिवाय भराभर पेटतात, आणि सभागृहाच्या छताला ते कच्चे लावणं हा गुन्हाच मानायला हवा. बोरॅक्स, बोरिक ॲसिड, फॉस्फेटचे क्षार यांची प्रक्रिया आणि तिची चाचणी लागतेच. लोकर मात्र या यादीत बसत नाही. ती पेट घेत राहायला हवेत साधारण पंचवीस टक्के ऑक्सिजन लागतो, आपल्या भोवती असतो एकवीस. म्हणून ज्योत बाजूला केली की ती बहुधा विझते. तिचा शत्रू वेगळा: कसर. कसरीच्या अळीला लोकरीतलं केराटिन पचतं, त्यामुळे लोकरीलाही औषध लावावं लागतं. ओलाव्याचंही तसंच. सगळे वनस्पतिज धागे ओल पितात. हवा कोरडी झाली की सोडतात हे खरं, पण गळक्या छताखाली कोरडं व्हायला सवड कुठे मिळते? तिथे रॉक वूल लावा, मी वाद घालणार नाही.

यात पर्यावरणाचा मुद्दा राहिला, आणि नैसर्गिक पदार्थांची खरी ताकद तिथेच आहे. काच वितळवायला भट्टी चौदाशे अंशांच्या आसपास न्यावी लागते. ताग शेतात उगवतो, वाढताना हवेतला कार्बन घेतो. पण इथेही थोडा प्रामाणिकपणा हवा. बाजारात 'नैसर्गिक' म्हणून येणाऱ्या हेम्पच्या (भांगेच्या झाडाच्या धाग्याच्या) किंवा लोकरीच्या अनेक गाद्यांत धागे एकत्र धरायला वितळणारं पॉलिएस्टर मिसळलेलं असतं. लाकडाच्या लांब ढलप्यांचे जे वूड वूल बोर्ड मिळतात, त्यांत बांधणारा पदार्थ बहुधा सिमेंट असतो. त्यात वाईट काही नाही, सिमेंटमुळेच तो बोर्ड आगीला आणि ओलीला टिकतो. पण मग पावित्र्याचा आव कशाला? आणि लेबलवरच्या आकड्याबद्दलही एक शब्द. एनआरसी नावाचा जो एकच गुणांक ठळक छापतात, तो २५०, ५००, १००० आणि २००० हर्ट्‌झच्या शोषणांची सरासरी असतो. १२५ हर्ट्‌झला सपशेल नापास झालेला तक्ताही त्यात पहिल्या वर्गात येतो. विचारायचं असेल तर सगळ्या स्वरांसाठीच्या आकड्यांची पूर्ण यादी मागा, नमुन्याची जाडी विचारा, चाचणीत मागे पोकळी किती ठेवली होती ते विचारा. 'हे पूर्णपणे नैसर्गिक आहे ना?' हा प्रश्न पाचव्या क्रमांकावर ठेवा.

या सगळ्याला लागतं तरी किती, तेही पाहू. नऊ बाय सात मीटरची, ३.३ मीटर उंचीची वर्गखोली घ्या. घनफळ झालं २०८ घनमीटर. गिलावा, फरशी, काच अशा कठीण पृष्ठभागांचं शोषण तीन टक्के धरलं तर एकूण सात चौरस मीटर उघड्या खिडकीइतकं. तीस मुलं बसली की त्यांचे कपडे आणि अंगं मिळून आणखी नऊएक. सॅबिनच्या सूत्रात घाला: निनादकाल दोन सेकंदांच्या वर. अशा खोलीत मागच्या बाकावरच्या मुलाला शब्द ऐकू येतात, पण वेगळे होत नाहीत. त्याला आपण 'लक्ष नसतं' म्हणतो. वर्गखोलीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली सुचवलेली मर्यादा ०.६ सेकंद आहे. आता नुसत्या छताला, त्रेसष्ट चौरस मीटरला, सत्तर टक्के शोषणाचा थर द्या. एकूण शोषण अठ्ठावन्नच्या घरात जातं आणि निनादकाल ०.५७. संपलं. सत्तर टक्के म्हणजे काही अद्भुत आकडा नव्हे. वर थोडी पोकळी सोडून लावलेला वूड वूल बोर्ड आणि त्यामागे लोकरीचा किंवा तागाचा थर एवढ्यात तो मिळतो. ग्लास वूलनेही मिळतो. वर्ष वर्ष चाललेला वाद ज्या छतावरून होतो, ते छत दोघांपैकी कुणीही सुधारू शकलं असतं, आणि तोवर मुलं त्याच कोलाहलात बसलेली असतात.

टिकण्याबद्दल विचाराल तर एक पाहिलेली गोष्ट सांगतो. १९२० च्या दशकात अमेरिकेत उसाच्या चिपाडांपासून सेलोटेक्स नावाचे तक्ते बनू लागले. त्यांच्या ध्वनिशोषक प्रकारात मुद्दाम भोकं पाडलेली असत. त्याचं एक कारण अगदी घरगुती होतं: रंग दिला तरी भोकं उघडी राहावीत. शंभर वर्षांपूर्वी जे एका कारखान्याला कळलं होतं ते माझ्या ओळखीच्या एका सभागृहाच्या व्यवस्थापनाला कळलं नाही. तिथे वूड वूलचं छत होतं, ढलप्या उघड्या दिसणारं, आणि बोलणं अगदी स्वच्छ ऐकू यायचं. पुढे कुणाला तरी ते कळकट वाटलं म्हणून त्यावर ऑइल पेंटचे दोन हात दिले, मग काही वर्षांनी आणखी एक. दुरुस्तीच्या वेळी उतरवलेला एक तुकडा मी तोंडाला लावून फुंकून पाहिला. फुंकर थेट नाकावर आली. रंगाची पापुद्र्यासारखी साय नखाने सोलली तर खालच्या ढलप्या नव्यासारख्या पिवळ्याधमक. त्या दिवशीच्या बैठकीत एकाचं वाक्य दुसऱ्याच्या वाक्यात मिसळत होतं, अध्यक्ष प्रत्येक मुद्दा दोनदा सांगत होते, आणि ठरावाचा विषय होता छत काढून फोम बसवणं. शेजारचे गृहस्थ माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "हे नैसर्गिक मटेरियल टिकत नाही बघा."